‘नर्सिंगसाठी जर्मन’ ६० तासांत कसं बसवायचं?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या एका पदवी महाविद्यालयात गेस्ट लेक्चरर आहे, जर्मन शिकवते. माझी शाळा खानापुरात, मराठी माध्यमात झाली. जर्मन पुण्यात राहून बी-२ पर्यंत (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी) शिकले. आमच्याच संस्थेचं नर्सिंग कॉलेज आहे. गेल्या महिन्यात मॅनेजमेंटच्या बैठकीत ठरलं की येत्या सत्रापासून ‘नर्सिंगसाठी जर्मन’ असा चार क्रेडिटचा, ६० तासांचा सर्टिफिकेट कोर्स काढायचा. अभ्यासक्रम मी एकटीनं लिहायचा. जाहिरातीत ‘जर्मनीत नोकरीची संधी’ असं घालायचं चाललं आहे.

मला नर्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. बाजारातली पुस्तकं एकतर ‘माझं नाव, माझं कुटुंब’ इथून सुरू होतात, नाहीतर थेट जर्मनीतल्या हॉस्पिटलात काम करणाऱ्यांसाठी असतात. वर्गात निपाणी, खानापूरकडच्या मराठी मुली असतील, गोकाक, बैलहोंगलकडच्या कन्नड मुली असतील. बहुतेकींना इंग्रजीचीच धास्ती आहे. त्यातच, उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठीही असाच एक कोर्स काढू, असं एक सदस्य म्हणाले.

नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी मला बोलावतील की नाही, ठाऊक नाही. हो म्हटलं तर मुलींना फसवल्यासारखं होईल. काय करू?

– एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर

तुम्हाला जे टोचतंय ते योग्यच आहे. तरी कोर्स नाकारू नका, असं मी आधीच सांगून टाकते. आपल्याकडच्या नर्सिंग झालेल्या मुली गोव्याला जातात, पुण्याला जातात, बेंगळूरला जातात, काही आखातात जातात. जर्मनीची वाट त्या मानानं नवी, पण खोटी नाही. तिकडे नर्सेस कमी पडतात. परदेशातून कुशल माणसं येणं सोपं व्हावं म्हणून केलेला त्यांचा कायदा मार्च २०२० पासून लागू आहे. तेव्हा आपल्या मुलींना ही भाषा घराजवळ, परवडणाऱ्या फीमध्ये शिकता आली तर ते मोठं काम होईल. पुण्यात खोली घेऊन राहणं प्रत्येकीच्या घरच्यांना झेपणारं नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवलं असणार. पण कोर्स आज ज्या रूपात तुमच्यासमोर ठेवला आहे, त्या रूपात तो करू नका. रूप बदलून घेता येतं आणि ते कसं घ्यायचं, तेच या उत्तरात लिहिते आहे.

पहिल्यांदा तासांचा हिशेब मांडा, कारण बैठकीत तुमच्या हातात तोच असणार आहे. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, म्हणून चार क्रेडिटचे ६०. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या तासिका मोजते. त्या मापानं तुमचे ६० तास म्हणजे ८० तासिका. त्यांच्याच अंदाजानुसार ए-१ ही अगदी पहिली पातळी गाठायला ८० ते २०० तासिका लागतात, बी-१ ला ३५० ते ६५० आणि बी-२ ला ६०० ते ८००. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ लागतं. राज्याराज्यांत नियमांचा थोडा फरक आहे, काही ठिकाणी नर्सिंगच्या भाषेची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे तुमचा अख्खा कोर्स मन लावून केलेली मुलगीसुद्धा जेमतेम ए-१ च्या किमान तासांपर्यंत पोचेल. हे आकडे एका पानावर लिहा आणि बैठकीत त्या पानाच्या प्रती वाटा. मॅनेजमेंटमधली माणसं वाईट नसतात हो. त्यांच्यापुढे हा हिशेब कुणी ठेवलेलाच नसतो. ‘६० तासांचा कोर्स’ हे शब्द संगणकाच्या, टॅलीच्या कोर्सवरून आलेले असतात आणि भाषेलाही तेच माप लावलं जातं.

मग ६० तासांचं करायचं काय? माझा सल्ला असा की त्याला एका लांब रांगेतला पहिला तुकडा माना. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, म्हणजे आठ सत्रांचं आहे. दर सत्राला ६० तास धरले तर सहा सत्रांत ३६० तास होतात, म्हणजे ४८० तासिका. तेवढ्यात बी-१ ची अपेक्षा प्रामाणिकपणे धरता येते. आठही सत्रं चाललं तर ६४० तासिका होतात, म्हणजे बी-१ चांगलं पक्कं होऊन बी-२ चा अभ्यास सुरू झालेला असेल. जर्मन सरकारची रोजगार संस्था आणि जीआयझेड ही त्यांचीच विकास सहकार्य संस्था मिळून ‘ट्रिपल विन’ नावाचा जो उपक्रम २०१३ पासून चालवतात, त्यातही मायदेशात बी-१ पर्यंत शिकवून पुढचा अभ्यास तिकडे काम करता करता, अशीच रचना आहे. केरळ सरकारनं २०२१ मध्ये त्यात भाग घेतला. तेव्हा तुमचा आराखडा काही स्वप्नाळू नाही. प्रत्येक सत्राअखेर मुलीला थांबायची मोकळीक ठेवा आणि थांबली तरी तिच्या हातात त्या पातळीचं प्रमाणपत्र पडेल असं बघा. सगळ्याजणी शेवटपर्यंत टिकणार नाहीत. कुणाचं लग्न ठरेल, कुणाला नाईट ड्यूटीनंतर डोळे उघडे ठेवता येणार नाहीत, कुणाला भाषाच आवडणार नाही. त्यांचा वेळ आणि पैसा वाया गेला असं होऊ नये.

इथे एक अडचण येईल, ती आधीच सांगते. तुमचं महाविद्यालय एका विद्यापीठाशी संलग्न असेल, आणि नर्सिंग कॉलेज बहुधा बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. संस्था एकच असली तरी विद्यापीठं दोन आहेत. तुमच्या बोर्ड ऑफ स्टडीजनं, म्हणजे अभ्यास मंडळानं, मंजूर केलेले क्रेडिट नर्सिंगच्या मुलीच्या गुणपत्रिकेत आपोआप चढत नाहीत. मॅनेजमेंटला हे लक्षात आणून दिलं नाही तर ‘चार क्रेडिट मिळतील’ असं मुलींना सांगितलं जाईल आणि शेवटी काहीच मिळणार नाही. म्हणून सुरुवातीला हा कोर्स पदवीबाहेरचा, जोड-कोर्स म्हणूनच काढा. वेळापत्रकही नर्सिंगच्या प्राचार्यांबरोबर बसून ठरवा. क्लिनिकल पोस्टिंगच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या, महिन्यांत दुपारचा वर्ग म्हणजे रिकामी बाकं. हॉस्टेलवर संध्याकाळी घेतलेला तास चालतो, सकाळी सातचाही चालतो.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते: ‘मला नर्सिंगमधलं काही कळत नाही.’

विशेष कोर्स म्हटलं की सगळ्यांना वाटतं, त्या धंद्याचे अवघड शब्द शिकवायचे. नर्सिंगच्या बाबतीत हे जवळजवळ उलटं आहे. वैद्यकीय शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले असल्यामुळे इंग्रजीत आणि जर्मनमध्ये ते बरेचसे सारखे आहेत. हायपरटेन्शनला तिकडे हायपरटोनी म्हणतात, डायबिटीसला डियाबेटेस. तुमच्या मुलींना हे शब्द तुमच्याआधी येत असतील. त्या अडतील त्या घरगुती बोलण्यावर. ऐंशी वर्षांची आजी ‘हायपरटोनी’ म्हणत नाही. ती सांगते की उठताना गरगरतं, पायात गोळे येतात, रात्री चार वेळा उठावं लागतं. ती कवळी मागते, कानातलं यंत्र शोधते, सपाता कुठे गेल्या म्हणून विचारते, आणि बेडपॅन हवा आहे हे संकोचून तिसऱ्याच शब्दांत सांगते. हे शब्द साध्या पुस्तकांत नसतात, कारण तिथे पर्यटक आणि विद्यार्थी बोलतात. वैद्यकीय शब्दकोशात तर ते शोधूही नका. तुमची खरी मेहनत या थरावर लागेल, आणि तो थर भाषा शिकवणारीच्याच हातातला आहे.

कामातला फरकही ध्यानात घ्या. आपल्या हॉस्पिटलांत रुग्णाला अंग पुसून देणं, भरवणं, संडासाला नेणं हे बहुतेक वेळा नातेवाईक किंवा आया करतात. खाटेजवळ कुणीतरी घरचं माणूस बसलेलं असतंच. जर्मनीत हे सारं नर्सच्या कामाचा भाग आहे आणि ते करताना रुग्णाशी सतत बोलावं लागतं: आता मी तुमची पाठ धुते आहे, थोडं कुशीवर वळाल का, पाणी फार गरम नाही ना. त्यामुळे ‘नर्सिंगसाठी जर्मन’च्या पहिल्या धड्यात ऑपरेशन थिएटर नको, सकाळची आंघोळ हवी. आदरार्थी बोलणं, विनंतीची वाक्यं, शरीराचे अवयव, कपडे, वेळ, पाणी, अन्न असं ए-१ च्या व्याकरणात बसणारं बरंच काही त्यात येतं. म्हणजे सामान्य जर्मन आधी आणि नर्सिंगचं नंतर, असे दोन वेगळे डबे करायची गरजच उरत नाही. पहिल्या दिवसापासून व्याकरण साधंच ठेवायचं, प्रसंग मात्र वॉर्डातले घ्यायचे. ‘हे माझं कुटुंब’ हा धडा ‘रुग्णाला भेटायला कोण आलं आहे’ असा घेतला की झालं.

आकड्यांवर मात्र जास्तीत जास्त वेळ घालवा. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथली चूक नुसती भाषेची राहत नाही, ती औषधाच्या मात्रेची होते. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात आणि हजारासाठी टिंब. ०,५ मिलिग्रॅम म्हणजे आपलं ०.५. आणि हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधापुढे ५.००० एकक लिहिलं असेल तर ते पाच हजार आहेत. आपल्या सवयीची नजर तिथे पाच वाचते. ताप आपल्याकडे अजूनही फॅरनहाइटमध्ये बोलला जातो, तिकडे फक्त सेल्सिअस. आपल्या १०१ चे तिथे ३८,३ होतात आणि ते मुलीला फोनवर ऐकून पटकन कळायला हवेत. रक्तातली साखर जर्मनीच्या पश्चिम भागात आपल्यासारखीच मिलिग्रॅममध्ये मोजतात, पूर्वेकडे मिलिमोलमध्ये. रक्तदाबाला कागदावर ‘आर-आर’ लिहितात, ते तर ठाऊक असल्याशिवाय कळणारच नाही. असे आकडे ऐकून लिहायचा सराव रोज दहा मिनिटं घ्या, प्रत्येक तासाला, पूर्ण सत्रभर.

यात तुमच्या मराठी मुलींना एक फायदा आहे. जर्मनमध्ये ३४ म्हणताना चार आधी, तीस नंतर, अगदी आपल्या चौतीससारखं. इंग्रजीतून शिकवलं की हे विचित्र वाटतं, मराठीतून शिकवलं की वाटत नाही. कन्नडमध्ये मूवत्तनाल्कु, म्हणजे तीस आधी. तेव्हा कन्नड मुलींना आकड्यांचा सराव जास्त द्यावा लागेल, आणि तो मराठी मुलींनी जोडीनं बसून दिला तर उत्तमच. पोटवाक्याच्या शेवटी क्रियापद जाणं हा जर्मनचा गुण इंग्रजी माध्यमवाल्यांना छळतो. मराठीत आणि कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे तुमच्या दोन्ही गटांना ते लवकर पटेल. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हा वर्ग इंग्रजीतून घेऊ नका. समजावून सांगणं मराठीत आणि कन्नडमध्ये, बोलणं जर्मनमध्ये. शब्दांची यादी करताना तीन रकाने करा: जर्मन, मराठी, कन्नड. कन्नडचा रकाना मुलींकडूनच भरून घ्या. ज्या मुलींना शाळेपासून ‘तुझं इंग्रजी कच्चं’ हेच ऐकावं लागलं, त्यांना इथे पहिल्यांदा कळेल की दोन भाषांत वावरणं ही आपली जमेची बाजू आहे. आपल्या भागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात. पण दोन्ही भाषा एकाच फळ्यावर शेजारी लिहिलेला वर्ग तुम्ही चालवू शकता, आणि मला तो बघायला फार आवडेल.

नर्सिंगची माहिती तुम्ही एकटीनं गोळा करायची नाही. नर्सिंग कॉलेजातल्या एका ट्यूटर मॅडमना या कोर्समध्ये अधिकृतपणे सामील करून घ्या. उपकाराखातर नको, त्यांच्या वर्कलोडमध्ये तास दाखवून. त्यांच्याकडे डेमो रूम असते, डमी असते, बेड असतो. आठवड्यातला एक तास तिथे घ्या. त्या ट्यूटर रुग्णाला बेडवरून खुर्चीत कसं बसवायचं ते दाखवतील, आणि त्या प्रत्येक हालचालीला लागणारं वाक्य तुम्ही द्याल. नर्सिंगमध्ये तुम्ही अडाणी आहात याचा इथे उपयोगच होतो. तुम्ही विचारलेले ‘हे का करतात?’ हे प्रश्न मुलींना जर्मनमध्ये उत्तर देण्याची खरी संधी देतात. शिवाय परवानगी काढून दोन-तीन सकाळी वॉर्डात नुसतं उभं राहून या. कोण कुणाशी काय बोलतं, फोनवर काय सांगितलं जातं, ड्यूटी बदलताना काय सोपवलं जातं, तेवढंच टिपायचं.

जर्मनीत काम करणाऱ्या दोन-चार भारतीय नर्सेसशी बोलल्याशिवाय अभ्यासक्रमाची एक ओळही लिहू नका. तुमच्या कॉलेजची कुणी नसेल तर ओळखीतून शोधा. केरळच्या नर्सेस सगळीकडे आहेत आणि त्या मदत करतात. त्यांना ‘काय शिकवू?’ असं विचारलं तर त्या ‘व्याकरण’ म्हणतील. त्याऐवजी विचारा: कोणत्या दिवशी बोलणं अडलं? फोन उचलायची भीती किती महिने वाटली? सकाळच्या ड्यूटीची सूत्रं हातात घेताना काय सुटून गेलं? रुग्णाची मुलगी रागावून बोलली तेव्हा काय उत्तर दिलं? नोंदवहीत रोज कोणती वाक्यं लिहावी लागतात? बव्हेरियातल्या म्हाताऱ्या माणसांची बोली वर्गातल्या जर्मनपेक्षा किती निराळी असते, हेही त्यांच्याकडूनच ऐका. त्यांनी परवानगी दिली तर त्यांच्या आवाजात नेहमीचे संवाद रेकॉर्ड करून घ्या. तेच तुमचं श्रवणाचं साहित्य, विकतच्या सीडीपेक्षा मोलाचं. एक पथ्य पाळा. खऱ्या रुग्णाची कागदपत्रं, फोटो, नाव असलं काही मागू नका. तिथले गोपनीयतेचे नियम कडक आहेत, त्या मुलीची नोकरी धोक्यात येईल.

पुस्तकाचा प्रश्न यातूनच सुटतो. ए-१, ए-२ साठी कुठलंही चांगलं सामान्य पाठ्यपुस्तक लावा, मुलींना विकत घेऊ द्या, झेरॉक्स काढू नका. वॉर्डाचे प्रसंग तुमच्या स्वतःच्या पानांवर. बी-१ नंतर नर्सिंगची जर्मन पुस्तकं उघडता येतील. वरच्या टोकाला टेल्क या परीक्षा संस्थेची नर्सिंगसाठीची बी-१/बी-२ परीक्षा आहे. तिची नमुना प्रश्नपत्रिका आजच मिळवून वाचा. शेवटी कुठे पोचायचं ते त्यावरून दिसेल.

परीक्षेबद्दल थोडं. विद्यापीठाच्या सवयीनं तीन तासांचा लेखी पेपर ठेवला की मुली रिकाम्या जागा भरायला शिकतील आणि बोलणार नाहीत. नर्सिंगच्या मुलींना ‘ऑस्की’ माहीत असते: एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं, प्रत्येक ठिकाणी एक काम ठरावीक मिनिटांत करून दाखवायचं. तीच पद्धत घ्या. एका टेबलावर फोनवरचे आकडे लिहून घ्यायचे, दुसऱ्यावर आजीला उठवून बसवायचं, तिसऱ्यावर चार ओळींची नोंद लिहायची. लेखी भाग निम्म्याहून कमी ठेवा. परीक्षा विभाग कुरकुर करेल. नर्सिंगच्या प्राचार्यांना बरोबर घेऊन गेलात तर पटवता येईल, कारण त्यांच्याकडे हे रोजचं आहे.

मंजुरीचा मसुदा लिहिताना एक युक्ती करा. बोर्ड ऑफ स्टडीज आणि अ‍ॅकॅडेमिक कौन्सिलमधून एकदा गेलेला अभ्यासक्रम बदलायला वर्षं जातात. म्हणून मुख्य मसुद्यात मुलगी सत्राअखेर काय करू शकेल तेवढंच लिहा, आणि धडे, संवाद, पुस्तकांची नावं परिशिष्टात टाका. ‘परिशिष्ट दरवर्षी विभागानं सुधारावं’ असं एक वाक्य त्यात असू द्या. पहिल्या वर्षी तुमचं निम्मं साहित्य फसेल, सगळ्यांचंच फसतं. ते बदलायची मुभा कागदावर असली पाहिजे. आणि वर्गात पंचवीसच्या वर मुली घेऊ नका. साठ मुलींच्या वर्गात प्रत्येकीच्या वाट्याला तासाभरात एक मिनिट येतं, आणि एका मिनिटात कुणी बोलायला शिकत नाही.

जाहिरातीच्या बाबतीत मात्र मागे हटू नका. ‘जर्मनीत नोकरीची संधी’ हे शब्द बेळगावच्या बसस्टँडवर वाचून चिक्कोडीचा एखादा बाप जमीन गहाण टाकेल, ही अतिशयोक्ती नाही. त्याऐवजी सरळ लिहा: ‘जर्मन भाषा, पातळी ए-१ ची तयारी, नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी. जर्मनीत मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ लागते. पुढचे टप्पे याच महाविद्यालयात सुरू करण्याचा विचार आहे.’ मॅनेजमेंटला वाटेल की यानं प्रवेश कमी होतील. थोडे होतीलही. पण दोन वर्षांनी ‘तिथे सांगतात तेवढं मिळतं’ अशी ख्याती झाली की भरून निघतील. हे आर्जवानं बोला, आणि बोलल्यावर तेच प्राचार्यांना पत्रानं कळवा. पत्रात तक्रार नको, फक्त तासांचा तक्ता आणि सुचवलेला मजकूर. कोर्सच्या निमित्तानं एखादा एजंट कॉलेजात येऊन ‘मुली आम्ही नेतो’ म्हणेल, त्याचीही तयारी ठेवा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय त्याला वर्गात पाऊल टाकू देऊ नका, आणि मुलींचे फोन नंबर तर कुणालाच देऊ नका.

जाहिरात बदलायला ते अजिबात तयार झाले नाहीत तर? तर अभ्यासक्रम लिहा, वर्ग घ्या, पण पहिल्या तासाला मुलींसमोर आणि जमलं तर त्यांच्या पालकांसमोर तो तासांचा तक्ता फळ्यावर मांडा. ए-१ म्हणजे काय, बी-२ किती लांब आहे, मधे परीक्षा कोणत्या, त्या द्यायला पुण्या-बेंगळूरकडे जावं लागेल का, खर्च साधारण कशाकशाचा, हे त्यांच्या भाषेत सांगा. हे ऐकूनही ज्या बसतील त्यांना तुम्ही फसवलेलं नाही. तेवढंही बोलायला मनाई झाली, तर मात्र तो कोर्स तुमच्या नावावर नको. गेस्ट लेक्चररला असं सांगणं सोपं आहे आणि करणं कठीण, हे मला कळतं. म्हणूनच आधीच्या सगळ्या पायऱ्या नीट करा, म्हणजे इथवर वेळ येणार नाही.

तुमच्या स्वतःच्या हक्काचंही बोलू. गेस्ट लेक्चररला तासावर पैसे मिळतात, आणि अभ्यासक्रम लिहिण्याचे तास कुणी मोजत नाही. ते मोजून घ्या. अशा कोर्सचा एक तास वर्गात उभा राहायच्या आधी घरी तीन-चार तास मागतो. निदान पहिल्या सत्रासाठी साहित्यनिर्मितीचं ठरावीक मानधन मागा, ट्यूटर मॅडमसाठीही मागा, आणि तयार झालेल्या प्रत्येक पानावर तुम्हा दोघींची नावं असू द्या. दुसरं म्हणजे जोडीला आणखी एक जर्मन शिक्षक तयार करायला आत्तापासून लागा. हे कोर्स बंद पडतात ते बहुतेकदा एकच शिक्षिका सोडून गेली म्हणून. तुमच्या पदवीच्या वर्गातली एखादी हुशार मुलगी निवडून तिला बी-१, बी-२ पर्यंत पुढे ढकला. तुमचं स्वतःचं सी-१ सुद्धा करायला घ्या. बी-२ ची शिक्षिका ए-१, ए-२ उत्तम शिकवू शकते, पण चौथ्या वर्षाच्या मुलींपुढे उभं राहायला तुम्हाला चार पावलं पुढे असावं लागेल. संस्थेनं त्या परीक्षेची फी भरावी, असं त्याच पत्रात लिहा.

उद्यमबागेच्या कोर्सचं एवढंच: फाउंड्रीवाल्याला किंवा हायड्रॉलिक्सचे भाग बनवणाऱ्याला जर्मन कशासाठी हवं आहे, हे आधी त्यांच्याकडे जाऊन विचारा. मशीनचं मॅन्युअल वाचायचं असेल तर ते काम आता फोनसुद्धा बऱ्यापैकी करतो. तिकडून येणाऱ्या इंजिनिअरशी बोलायचं असेल तर बहुतेक वेळा इंग्रजीवर भागतं. खरी गरज निघाली तर ती वेगळी असेल आणि तिचा कोर्सही वेगळा बसेल. नर्सिंगच्या पानांवरचं नाव बदलून तो होणार नाही. सदस्यांना सांगा की नर्सिंगची पहिली दोन सत्रं पार पडू देत, मग कारखान्यांत जाऊन बोलून येऊ.